हवेची शाई: अवकाशात फुगवायच्या वस्तूंचा सूर कसा तपासतात

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला 2016 पासून एक कापडी खोली जोडलेली आहे. तिचं नाव 'बीम'. या खोलीत शिरून अंतराळवीरांनी जी कामं केली त्यातलं एक ऐकायला जरा विचित्र आहे: भिंतीवर मुठीने ठोसे मारणं. प्रत्येक ठोशानंतर भिंत कशी थरथरते, ते तिथे बसवलेले सेन्सर टिपून ठेवत होते.

माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो, तीच ही तऱ्हा. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी चीर. इंजिनीयर लोक विमानाचा पंख, पूल, उपग्रह सगळंच असं वाजवून बघतात. पण माठ कडक असतो. फुगवलेली वस्तू वाजवून तिचा खरा आवाज ऐकणं फार अवघड, आणि ती वस्तू अवकाशात जाणार असेल तर जमिनीवर ऐकू येणारा आवाज बऱ्याच अंशी तिचा नसतोच. कोणाचा असतो, ते पुढे.

आधी, असली वस्तू मुळात हवी कशाला? रॉकेटच्या टोकाशी जागा तुटपुंजी असते. मोठं काही न्यायचं तर घडी घालून न्यायचं आणि वर गेल्यावर उलगडायचं. उलगडण्याचा सगळ्यात हलका उपाय म्हणजे आत वायू भरणं. अमेरिकेने 12 ऑगस्ट 1960 रोजी सोडलेला 'इको 1' हा 30.5 मीटर व्यासाचा चकचकीत गोळा होता. त्याचं कवच होतं 12.7 मायक्रॉन जाडीचं, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. दहा मजली इमारतीएवढा हा गोळा 66 सेंटिमीटरच्या डब्यात घडी घालून वर गेला. 1965 मध्ये अलेक्सी लिओनोव्ह माणसाच्या इतिहासात पहिल्यांदा यानाबाहेर पडले, ते फुगवलेल्या कापडी दालनातूनच. आणि बीम वर गेली तेव्हा तिची लांबी 2.16 मीटर होती, फुगल्यावर 4 मीटर झाली, आत 16 घनमीटर जागा मिळाली. वजन सुमारे 1,400 किलो.

आता थरथरण्याची काळजी कशासाठी? झोपाळ्याला त्याच्या लयीत थोडा थोडा रेटा दिला की तो उंच जातो. लय चुकली की कितीही जोर लावा, झोपाळा अडखळतो. प्रत्येक वस्तूची अशी स्वतःची लय असते, तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. एकाच वस्तूच्या अशा अनेक लयी असतात आणि प्रत्येक लयीत तिचा आकार वेगळ्या ढंगाने हलतो. या ढंगांना मोड म्हणतात. उपग्रहाची दिशा सांभाळणारी यंत्रणा सतत बारीक बारीक धक्के देत असते. ते धक्के नेमके एखाद्या मोडच्या लयीत पडले तर अँटेना डोलायला लागते, आणि अवकाशात ते डोलणं थांबवायला हवा नसते. हबल दुर्बिणीचे पहिले सौरपंख फुगवलेले नव्हते, पण गुंडाळून नेलेले, लवचीक होते. दुर्बीण उन्हातून सावलीत किंवा सावलीतून उन्हात गेली की ते पंख थरथरायचे आणि दुर्बिणीची नजर हलायची. 1993 च्या दुरुस्ती मोहिमेत ते बदलावे लागले. म्हणून वस्तू वर जाण्याआधी तिच्या लयी माहीत हव्यात.

फुगवलेल्या वस्तूची लय ठरते कशी, हे कळायला तबल्यासारखा दुसरा गुरू नाही. लहानपणी मी दोन वर्षं तबला शिकलो. हात बसला नाही, पण सर हातोडीने गट्ठे, म्हणजे तबल्याच्या अंगाला वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे, ठोकून सूर लावायचे ते बघण्यात माझा अर्धा तास जायचा. गट्ठा खाली सरकला की वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, ताणली जाते, पुडी, म्हणजे वरचं चामडं, ताणली जाते, सूर चढतो. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, सूर उतरतो. ताण जास्त तर सूर वर, आणि पुडी जड तर सूर खाली, एवढंच गणित. फुग्याच्या कवचाला गट्ठे नसतात. त्याची हातोडी म्हणजे आतला दाब. पातळ कवचाच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा, की दाब चौपट केला तर ताण चौपट होतो आणि वारंवारता दुप्पट, म्हणजे सूर बरोब्बर एक सप्तक वर. प्रत्यक्षात कवचाची स्वतःची ताठरताही मध्ये येते, त्यामुळे हिशेब इतका स्वच्छ राहत नाही. पण एक गोष्ट पक्की: दाब न सांगता फुग्याची वारंवारता सांगण्याला अर्थ नाही. आणि कक्षेत दर दीड तासाला ऊन-सावली होते, वायू तापतो, निवतो, दाब वर-खाली होतो. म्हणजे वस्तू वर गेल्यावरही दिवसभर सूर बदलत राहणार.

तबल्याचा दुसरा धडा आणखी कामाचा आहे, तो शाईचा. पुडीच्या मधोमध काळी शाई नसती तर तबल्यातून सूर निघालाच नसता, नुसता धप्प आवाज आला असता. साध्या पातळ पडद्याच्या निरनिराळ्या मोडच्या वारंवारता एकमेकींशी जुळत नाहीत. शाईचं वजन त्या सरकवून जवळजवळ सुरेल पटीत आणून बसवतं. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली यावर लिहिलं आणि पुढेही या विषयाचा पाठपुरावा केला. आपल्यासाठी यातलं सार एवढंच, की पातळ पडद्यावर थोडंसं वजन चिकटवलं तरी त्याचा सगळा स्वभाव बदलतो.

आता प्रयोगशाळेत या. नेहमीची पद्धत अशी: वस्तू टांगायची, तिच्यावर ठिकठिकाणी ॲक्सिलरोमीटर, म्हणजे थरथर टिपणारे छोटे सेन्सर, चिकटवायचे, टोकाला बलमापक बसवलेल्या हातोडीने ठोका द्यायचा आणि किती बलाला किती थरथर, ते नोंदवायचं. धातूच्या उपग्रहावर काही ग्रॅमचा सेन्सर म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी. पण केसाहून पातळ कवचावर तोच सेन्सर आणि त्याची लोंबणारी वायर म्हणजे न मागता लावलेली शाई. मोजायला गेलात आणि मोजायची वस्तूच बदलून बसलात.

हातोडीची तऱ्हा आणखी वाईट. फुग्यावर हातोडी मारली की तिथल्या तिथे खळगा पडतो आणि भरून येतो. ठोक्याची ऊर्जा त्या खळग्यात विरून जाते, लांबच्या टोकाला काही पोचतच नाही. जोरात मारावं तर कवच सुरकुततं. सुरकुती पडली की तिथला ताण गेला आणि वस्तू वेगळीच झाली. शेकर, म्हणजे विजेवर चालणारं हलवण्याचं यंत्र, एका दांडीने जोडून हलवावं, तर ती दांडीच वस्तूला आधार देऊन ताठ करते.

या पेचावर 2000 च्या आसपास अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात डॅनियल इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मला फार आवडतं. त्यांच्यापुढे होती कॅप्टॉन नावाच्या पिवळसर प्लास्टिक फिल्मची एक फुगवलेली कडी, सुमारे 1.8 मीटर व्यासाची. डोळ्यांपुढे मोटारीच्या चाकाची ट्यूब आणा, पण अंगणात मावेल एवढी आणि वजनाला नगण्य. अशा कडीच्या आत पातळ पडद्याची अँटेना किंवा आरसा ताणून बसवायचा असतो, म्हणजे चाळणीची कड आणि जाळी. त्यांनी हातोडी बाजूला ठेवली आणि कडीच्या कातडीवरच पातळ, लवचीक पट्ट्या चिकटवल्या. काही पट्ट्या विजेचा दाब दिला की किंचित लांब-आखूड होतात. नासाच्या लँगली केंद्रात तयार झालेल्या या पट्ट्यांत पिझो सिरॅमिकचे बारीक तंतू असतात. दुसऱ्या प्रकारच्या पट्ट्या उलट काम करतात, ताणल्या की वीज देतात. एक पट्टी कातडी ओढते, दुसरी ती किती ओढली गेली ते सांगते. खळगा पडत नाही, दांडी लागत नाही, आणि हलणं कातडीच्या अंगानेच होत असल्यामुळे पूर्ण कडी थरथरते. हातोडीपेक्षा नोंदीही स्वच्छ आल्या. अर्थात पट्टीलाही वजन आहे, ताठरता आहे. शाई पूर्ण गेली नाही, फक्त कमी झाली.

वजनच नको असेल तर प्रकाश वापरायचा. लेझर व्हायब्रोमीटर कवचावर किरण टाकतो आणि परत आलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेतल्या सूक्ष्म फरकावरून तो बिंदू किती वेगाने हलतोय ते सांगतो. किंवा कवचावर ठिपके काढून दोन-चार कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फोटो घेत राहायचे आणि ठिपक्यांच्या जागांवरून आकार उभा करायचा. दोन्ही पद्धती उत्तम. फक्त चकचकीत, आरपार दिसणाऱ्या फिल्मवर लेझर नीट परततच नाही, म्हणून तिथेही पुष्कळदा काहीतरी फासावं लागतं.

आता त्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. जमिनीवर ऐकू येणारा आवाज कोणाचा?

एक हिशेब करून बघू. 1.8 मीटर व्यासाची कडी, नळीची जाडी 15 सेंटिमीटर, कवच 50 मायक्रॉन कॅप्टॉनचं, असं धरा. कवचाचं क्षेत्रफळ येतं सुमारे 2.7 चौरस मीटर आणि वजन सुमारे 190 ग्रॅम. दोन कप चहाएवढं. नळीच्या आतलं आकारमान येतं 0.1 घनमीटर. तेवढ्या हवेचं वजन किती? सुमारे 120 ग्रॅम! आपण हवेला वजनात धरत नाही, पण इथे ती कवचाच्या दोन तृतीयांश आहे. नळी डावी-उजवीकडे हलली की आतली हवा तिच्याबरोबर हलणारच. शिवाय बाहेरची हवाही बाजूला सारावी लागते, आणि आडवी हलणारी गोल नळी साधारण स्वतःच्या आकारमानाएवढी बाहेरची हवा ढकलत असते. म्हणजे आणखी 120 ग्रॅम. एकूण हलणारं वजन 430 ग्रॅम, त्यातलं कवच फक्त 190. निम्म्याहून जास्त हवाच.

ही हवेची शाई. दिसत नाही, खरवडून काढता येत नाही, आणि अवकाशात ती नसते. तिथे बाहेर निर्वात. आत वायू असतो, पण अगदी थोडा. कवच ताठ ठेवायला बाहेरपेक्षा आत 3.4 किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण तिसाव्या भागाएवढा, दाब जास्त पुरतो असं धरलं, तर जमिनीवर आतला एकूण दाब वातावरणाचा अधिक तेवढा होतो, अवकाशात मात्र तेवढाच. वायूचं वजन 120 ग्रॅमवरून 4 ग्रॅमवर येतं. आपल्या ढोबळ हिशेबाने त्याच कडीची तीच लय निर्वातात जवळजवळ दीडपट जलद निघते. जमिनीवर मोजलेल्या आकड्यावर विसंबून कोणी दिशा सांभाळणारी यंत्रणा बांधली तर ती बेसूरच होणार. त्यात हवा थरथर शमवण्याचंही काम करते. निर्वातात हे शमवणं, ज्याला अवमंदन म्हणतात, बरंच घटतं आणि वस्तू एकदा हलली की बराच वेळ हलत राहते.

म्हणून खरी परीक्षा निर्वात कक्षात. नासाच्या मार्शल केंद्रात सूर्यप्रकाश एकवटणारी एक फुगीर रचना आधी हवेत आणि मग उष्ण-निर्वात कक्षात, अशी दोन्हीकडे हलवून बघितली गेली ती याच कारणासाठी. पण निर्वात कक्षात माणूस हातोडी घेऊन उभा राहू शकत नाही, लेझर जाड काचेतून आत सोडावा लागतो, आणि कक्षाचे पंप स्वतःच घरघरत असतात.

गुरुत्वाकर्षण मात्र कोणत्याही पंपाने काढता येत नाही. कडी टांगावी लागते, टांगली की ती स्वतःच्या वजनाने लांबट होते. दोऱ्या ताठ असतील तर त्यांचीही लय मोजमापात घुसते. शिरस्ता असा, की टांगणीची लय वस्तूच्या पहिल्या लयीच्या दहाव्या भागाहून कमी हवी. वस्तू सेकंदाला 10 वेळा हलत असेल तर टांगणी सेकंदाला एकदाच, म्हणजे नुसत्या वजनाने 25 सेंटिमीटर ताणलं जाणारं रबर. वस्तू याहून मोठी आणि सुस्त असेल, सेकंदाला 5 वेळाच हलणारी, तर रबर एक मीटर ताणायला हवं. रचना जसजशी मोठी होत जाते तसतशी टांगायला छत कमी पडतं. 14 मीटरची अँटेना अशी टांगून तपासायचा विचार करून बघा.

तशी अँटेना खरंच झाली. मे 1996 मध्ये एंडेव्हर यानाच्या एसटीएस-77 मोहिमेत 14 मीटर व्यासाची फुगवायची अँटेना, 28 मीटर लांबीच्या तीन फुगीर दांड्यांसह, अवकाशात सोडली गेली. फुगून शेवटी ती ठरलेल्या आकाराला आली, फोटोही देखणे आले. पण मधला प्रवास कोणी ठरवला होता तसा झाला नाही. घड्यांमध्ये अडकून राहिलेली थोडी हवा आणि दाबून बसवलेल्या कापडातली स्प्रिंगसारखी ऊर्जा यांच्यामुळे फुगवणं सुरू होण्याआधीच अँटेनाने भलतीकडे मुसंडी मारली. शिवाय मुख्य भिंगाच्या आकाराच्या भागात हवा तेवढा दाब भरलाच नाही, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग किती बिनचूक, हे मोजायचं राहून गेलं.

अडकलेल्या हवेचा हा खोडसाळपणा जुना आहे. इको 1 च्या आधी, ऑक्टोबर 1959 मध्ये, तशाच फुग्याची चाचणी म्हणून रॉकेट उडवलं होतं. घड्यांत राहिलेली हवा निर्वातात अशी झपाट्याने फुगली की फुगा फाटून चिंध्या झाल्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांना त्या संध्याकाळी आकाशात लुकलुकणाऱ्या ठिणग्या दिसल्या, आणि हे काय म्हणून फोन सुरू झाले.

इथे एक गोष्ट उघड होते, जी बरेचदा विसरली जाते. फुगवायच्या वस्तूची कंपन चाचणी एकदा नाही, दोनदा करावी लागते, कारण त्या दोन वेगळ्या वस्तू असतात. फुगलेली वस्तू आणि घडी घातलेलं गाठोडं. रॉकेट सुटताना जो प्रचंड हादरा बसतो तो गाठोड्याला बसतो. ते गाठोडं एका मोठ्या शेकरवर, म्हणजे स्पीकरच्याच तत्त्वावर चालणाऱ्या पण टनांनी जोर देणाऱ्या यंत्रावर, घट्ट आवळतात आणि सेकंदाला 20 पासून 2,000 कंपनांपर्यंतचा खिचडी हादरा देतात. धातूच्या उपग्रहाबाबत तपासण्याची एक सोपी खूण असते: हादऱ्याआधी आणि नंतर हळुवार हलवून वारंवारता बघायची. ती सरकली असेल तर आत काहीतरी सैल झालं किंवा तुटलं. गाठोड्याला ही खूण लागू पडत नाही. कापडाचे थर एकमेकांवर घासतात, जोर वाढवला की घसरतात, वारंवारता उतरते, परत चढते, आणि यातलं काहीच बिघाड नसतं. गोधडीची घडी गाडीच्या टपावर बांधून कोल्हापूरपर्यंत नेली तर ती सैल होणारच. फाटली का, हे तिच्या आवाजावरून कळत नाही. उलगडूनच बघावं लागतं. म्हणून हादऱ्यानंतर वस्तू फुगवून बघणं, गळती मोजणं, हे ओघाने आलं. पण एकदा उलगडली की पुन्हा तशीच घडी पडेल याची हमी कोण देणार?

बीमच्या बाबतीत घडीनेच छळलं. ती ठरल्यापेक्षा बरेच महिने जास्त बांधून पडली होती. 26 मे 2016 ला फुगवायला घेतली तेव्हा हवा सोडूनही ती फारशी उलगडेना. थर एकमेकांना धरून बसले होते. काम थांबवलं. दोन दिवसांनी अंतराळवीर जेफ विल्यम्स यांनी थोडी थोडी हवा सोडत, थांबत, परत सोडत ती फुगवली. सात तासांहून जास्त वेळ गेला. हवा एकूण सोडली 25 वेळा, आणि सगळे झडप उघडण्याचे क्षण मिळून जेमतेम अडीच मिनिटं. आतल्या शिवणी सुटताना लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज येत होता. त्या शिवणी सुटण्यासाठीच घातलेल्या होत्या.

आपल्याकडेही या घराण्यातली एक वस्तू आहे. 3 सप्टेंबर 2022 रोजी इस्रोने थुंब्याहून रोहिणी रॉकेटच्या टोकात घडी घालून एक फुगीर ब्रेक पाठवला. केव्हलार या चिवट धाग्याच्या कापडावर रबराचा थर. 84 किलोमीटर उंचीवर तो दाबाखालच्या नायट्रोजनने फुगला आणि पडणाऱ्या भागाचा वेग हवेच्या अडथळ्याने कमी करत खाली आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नासाने 6 मीटर व्यासाची तशीच ढाल कक्षेतून परत आणून दाखवली. तिथे थरथर निराळी, वाऱ्याने शीड फडफडावं तशी, आणि तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

राहता राहिली बीमची मूठ. सेन्सर, लेझर, पट्ट्या एवढं सगळं असताना ठोसा का? बीम म्हणजे कॅप्टॉनची कडी नव्हे. तिची भिंत अनेक जाड थरांची आहे आणि आत स्थानकाएवढाच, म्हणजे आपल्या घरातल्याएवढाच दाब आहे. बाहेर निर्वात असल्यामुळे तिच्या गोल टोकावर 80 टनांहून जास्त जोर पडतो. अशी भिंत ठोशाने खळगत नाही, आणि सेन्सरच्या वजनाने बिथरतही नाही. उरतो हातोडीचा प्रश्न. कडक टोकाचा ठोका क्षणात संपतो आणि बरीचशी ऊर्जा उंच, चिरक्या वारंवारतांवर उधळतो. मऊ ठोका भिंतीला जास्त वेळ टेकून राहतो आणि ऊर्जा खालच्या, संथ लयींना देतो, ज्या पूर्ण खोली हलवतात. डग्ग्यावर घुमारा काढायला बोटाचं टोक नाही, तळहाताचा भार लागतो, तसंच. शिवाय मुठीला वजन आहे, वर नेण्याचा खर्च नाही, आणि तिने कापड फाटत नाही. फक्त अंतराळवीराने आधी पाय कुठेतरी अडकवून घ्यायचे, नाहीतर ठोसा मारल्यावर तोच मागे तरंगत जातो.